सात गावांची एक डबी

तापल्या तव्यावर हात ठेवून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझ्या हातची भाकरी पुन्हा फुगायची नाही. आणि माझी भाकरी कशी फुगते ते चिंचोळीत कुणालाही विचारा. एकदा अशी फुगली की तव्यावरनं उठली, धुराड्यातनं बाहेर पडली आणि शेजारणीच्या पत्र्यावर जाऊन बसली. शेजारणीनं ती खाल्ली, आणि वर चटणी मागायला आली. हेही खरंच आहे.

पण गोष्ट त्या भाकरीची नाही. आठ वर्षं झाली ह्याला. पौष महिना, सकाळची वेळ, मी परातीत पीठ मळत होते आणि आमची भाग्यश्री लॅपटॉप घेऊन माझ्यापुढं फतकल मारून बसली.

"आज्जी, ही बघ माझी डबी."

मी बघितलं. पडद्यावर एक चौकोन. त्यात भाकरीचा फोटो, खाली किती हव्यात ते टाकायची जागा, आणि त्याखाली एक हिरवी पट्टी, तिच्यावर लिहिलेलं, 'भाकरी मागवा'.

"ह्याला झाकण कुठंय?" मी म्हणलं.

"तसली डबी नव्हे गं."

भाग्यश्री म्हणजे माझ्या थोरल्याची पोरगी. पुण्यात संगणकाचं शिकली, तिथंच नोकरीला लागली, आणि एक दिवस बॅग घेऊन परत आली. म्हणाली, कंपनीचं काम घरनं करीन आणि उरलेल्या वेळात तुमच्या बचत गटांचं बघीन. आमच्या भागात सात गावांचे सात गट. धंदा सगळ्यांचा एकच, कडक भाकरी. पातळ थापायची, भाजायची, मग आचेजवळ उभी करून पापडागत कडक करायची. महिना महिना टिकते. माझी एक भाकरी एका वकिलानं फायलीत घालून कोर्टात नेली होती, तीन तारखा पडल्या तरी तशीच.

तर प्रत्येक गटाचं इंटरनेटवर आपापलं पान होतं. एकीचं भाच्यानं करून दिलेलं, एकीचं कॉलेजच्या पोरांनी, एकीचं ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरनं. कुठं भाकरी मागवता यायची पण किती ते सांगता यायचं नाही. कुठं दहा टाकले तरी शून्यच दिसायचं. बोरूटीच्या पानावर तर भाकरीच्या जागी पिझ्झ्याचा फोटो होता, आणि ऑर्डरी सगळ्यांत जास्त त्यांनाच.

"ही डबी मी एकदाच बांधली," भाग्यश्री म्हणाली. "आता कुठल्याही पानात ठेवली की बसते. पान कुणी का बनवलेलं असंना."

"सातही पानांत?"

"सातही."

"एक डबी सात ठिकाणी कशी असेल? मी एका वेळी सात घरी जेवते का?"

"तुझा काही भरवसा नाही."

"नीट सांग."

"आज्जी, नियम ठरलेला आहे. डबी कशी बांधायची, पानानं तिला कसं ओळखायचं, आतलं बाहेर सांडू नये म्हणून काय करायचं, सगळं. त्या नियमानं अमेरिकेतल्या माणसानं बांधली तरी चिंचोळीच्या पानात बसते. आणि चिंचोळीतली तिकडं बसते."

"नियम केला कुणी?"

"बऱ्याच जणांनी मिळून."

"मालक कोण?"

"कुणीच नाही. उघडा आहे. कुणीही वापरावा."

"मालकच नाही, तर बिघडलं की भांडायचं कुणाशी?"

तिनं कपाळाला हात लावला. पण मला खरंच कळंना. आमच्या गावात मालक नसलेली एकच वस्तू आहे, वेशीवरचं चिंचेचं झाड, आणि त्याच्यावरनं तीन भांडणं चालू आहेत.

"बरं, असं बघ," ती म्हणाली. "तुमची ती मापाची ताटली होती ना. भाकरी तिच्याएवढी झाली की कुणीही थापलेली असली तरी कुठल्याही डब्यात..."

आणि गप्प झाली. कारण आमच्या घरात त्या ताटलीचं नाव कुणी काढत नाही.

ती ताटली पितळेची, आमच्या आईची. आईमागं अक्काकडं गेली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गुरुबाई, बोरूटीत दिलेली. भाकरीचा धंदा आम्ही दोघींनी मिळून अक्काच्या स्वयंपाकघरात सुरू केला होता. नियम अक्काचा. थापलेली भाकरी ताटलीला लावून बघायची, बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही. अक्काची भाकरी दरवेळी काटेकोर. माझी बाहेर. माझा हात थांबत नाही, मी काय करू.

एकदा प्रदर्शनासाठी मोठी ऑर्डर आली. निम्म्या भाकऱ्या तिच्या, निम्म्या माझ्या. माझ्या डब्यात बसंनात. मी म्हणलं, बसतील, आणि वरनं झाकण दाबलं. चाळीस भाकऱ्यांचा चुरा झाला. अक्का बारा बायकांसमोर म्हणाली, "नीलाचा हात मापात बसत नाही, आणि तोंड तर त्याहून नाही."

मी म्हणलं, "मग त्या ताटलीलाच बसव माझ्या जागी."

घरी आले, चिंचोळीत माझा वेगळा गट काढला. दोन गावांत अंतर चार मैल. मी सांगतेय त्या पौषात आम्हा दोघींना एकमेकींशी बोलून चौदा वर्षं झाली होती.

आता ह्यात अडचण काय ते ऐका. तालुक्याला गटांचं बघणाऱ्या तांबोळी मॅडम होत्या. त्यांनी सांगितलेलं, गुरुवारी बैठक, त्या दिवशी काय ते ठरवा. एक तर सातही गटांनी भाग्यश्रीची डबी आपापल्या पानात बसवायची, पान ज्याचं त्याचं, नाव ज्याचं त्याचं. नाही तर बाहेरची एक कंपनी तयार होती. ती सगळ्यांचं मिळून एकच पान करणार, नाव तिचं, पाकीट तिचं. सात गावं त्या पाकिटाच्या आत मेली. आमच्या पाकिटावर 'चिंचोळीची नीलव्वा' असं छापलेलं असतं. माझं नाव छापलेलं जगात तेवढंच, नाही तर रेशन कार्डावर.

सहा गट हो म्हणाले. बोरूटी नाही म्हणाली.

भाग्यश्री तीनदा जाऊन आली. अक्कानं तिन्ही वेळा जेवायला घातलं, पिशवी भरून शेंगाचटणी दिली आणि नाही म्हणून सांगितलं.

"काय म्हणते ती?" मी विचारलं.

"म्हणते, उद्या तुझं लग्न होऊन तू गेलीस की डबीची किल्ली नीलाच्या हातात. माझ्या बायकांची किल्ली मी नीलाच्या हातात देणार नाही."

"आणि तू काय म्हणलीस?"

"किल्लीच नाही म्हणलं. तर म्हणाली, किल्ली नसलेली डबी म्हणजे नीलाला मोकळं रानच." पोरीचा चेहरा पडलेला. "आज्जी, सहा महिने केलंय गं मी हे. शेवटी म्हणाली, गुरुवारपुरती बसव, बघायला काय जातंय. पण सही करणार नाही."

मी पीठ मळत राहिले.

बुधवारी दुपारी तिनं मला लॅपटॉपपुढं बसवलं. "तुला जमलं तर जगात कुणालाही जमेल," म्हणाली. पट्टीवरचे शब्द कसे बदलायचे ते दाखवलं. ह्या खिडकीत लिहायचं, लिहून झालं की 'जतन करा' असं लिहिलंय तिथं दाबायचं. "पण दाबू नकोस," म्हणाली. "आता ती सातही पानांवर बसलेली आहे. नुसतं लिहून बघ." तेवढ्यात तिचा फोन आला आणि ती अंगणात गेली.

मी एका बोटानं लिहायला बसले. क सापडला की काना हरवायचा. काना सापडेपर्यंत क कुठं ठेवला ते आठवायचं नाही. ज्वारी निवडणं परवडलं. शेवटी एक ओळ लिहिली. काय लिहिलं ते आत्ता सांगत नाही, सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

आणि तेवढ्यात मांजर आलं. आमचं पांढरं मांजर. एक डोळा निळा, एक पिवळा, दुधाला तोंड लावायचं नाही, फक्त शेंगाचटणी खायचं. ते आलं, लॅपटॉपवर चढलं, इकडनं तिकडं चालत गेलं, आणि जाताना त्याचा पाय पडला. पडद्यावर काहीतरी लुकलुकलं. मी पदरानं त्याच्या पायाचे ठसे पुसले आणि लॅपटॉप मिटून ठेवला. भाग्यश्री आली, म्हणाली, "जमलं?" मी म्हणलं, "जमतंय की."

गुरुवारी तालुक्याच्या सभागृहात सात गावांच्या बायका. अक्का आली. मी ह्या टोकाला, ती त्या टोकाला. केस पार पांढरे झालेले. मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीवर दोन्ही हात. माझ्याकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही, म्हणून तर पिशवीसुद्धा दिसली मला.

तांबोळी मॅडम म्हणाल्या, "आपापलं पान उघडा फोनवर. डबी दिसते का सांगा."

सगळ्यांनी चष्मे चढवले.

"दिसतीय," एक जण म्हणाली. "पण मॅडम, ह्याच्यावर 'मोडकी माझी, अख्खी तुझी' असं काय आलंय?"

"काय आलंय?"

"मोडकी माझी, अख्खी तुझी."

"आमच्यातही तेच."

"आमच्यात पण. कालपासनंच दिसतंय म्हणते सूनबाई."

"म्हणजे मोडलेली भाकरी आपण परत घ्यायची?"

"छे, गिऱ्हाइकानं ठेवायची. अख्खी आपल्याला."

"अगं, मग विकायची काय?"

"सकाळी मला बेळगावहून एकाचा फोन," तिसरी म्हणाली. "म्हणतो, मोडकी चालेल, पण योजना कधीपर्यंत आहे?"

मॅडमनी भाग्यश्रीकडं बघितलं. भाग्यश्रीनं पडद्याकडं बघितलं. भिंतीवर सात पानं शेजारीशेजारी लावलेली, आणि सातही हिरव्या पट्ट्यांवर तीच ओळ. पोरगी पांढरी पडली. मग हळूच माझ्याकडं वळली.

"आज्जी?"

"मांजर," मी म्हणलं.

"कसलं मांजर?"

मी पदर सारखा केला.

पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई उभी राहिली. "एक मिनिट. म्हणजे चिंचोळीत बसून कुणी काही दाबलं, की आमचं पान बदलणार? मग गुरुबाई काय चुकीचं सांगत होत्या?"

आता सगळ्या माना माझ्याकडं. मघाशी ज्या सहा गटांचं हो होतं, त्यातल्या दोघी म्हणाल्या, ती कंपनीच बरी, निदान चुकलं तर कुणाला धरायचं ते तरी कळेल. मॅडमनी एक उसासा टाकला आणि पिशवीतनं कंपनीचा कागद काढून टेबलावर ठेवला. पेनही काढलं.

मला वाटलेलं एक आणि झालेलं भलतंच. भाग्यश्री काहीतरी समजावत होती, पण कुणी ऐकंना, आणि खरं सांगायचं तर ती काय सांगतेय ते मलाही समजंना.

अक्का अजून फोनच बघत होती. हात लांब करून, मान मागं घेऊन. ओठ हलत होते. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. मग उठली. सगळ्या गप्प झाल्या, कारण अक्का उठली की बोरूटीत कोंबडासुद्धा गप्प होतो.

"पोरी, हे लिहिलं कुणी?"

भाग्यश्रीनं माझ्याकडं बघितलं.

"मी विचारतेय लिहिलं कुणी. चिंचोळीतली मांजरं शाळेत जातात का?"

मी म्हणलं, "लिहिलं मी. दाबलं मांजरानं."

चौदा वर्षांनी मी अक्काशी बोललेलं पहिलं वाक्य हे. ह्यापेक्षा बरं काहीतरी सुचायला हवं होतं.

अक्का माझ्याशी नाही, भाग्यश्रीशी बोलली. "मला ह्यात बदल करायचाय. नुसता माझ्या पानावर. चिंचोळीला न विचारता. होतं का तेवढं सांग."

"होतं, मोठी आज्जी," भाग्यश्री म्हणाली. "डबी सगळ्यांची एक, पण आतले शब्द ज्याचे त्याला ठेवता येतात. तुम्ही तुमच्या पानावर लिहिलंत की तिथं तुमचंच दिसणार. आज्जीनं काही का लिहीना."

"आणि तू गेलीस तर?"

"मी गेले तरी नियम कुठं जात नाही. तो माझा नाहीच. ज्याला तो माहीत आहे असा कुणीही तुमची डबी उघडेल, दुरुस्त करेल. नको वाटली तर काढून दुसरी बसवा, पान तुमचंच राहतं. त्या कागदावर सही केलीत तर पानही राहत नाही."

"आण ते इकडं."

भाग्यश्रीनं लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला. अक्का बसली आणि एका बोटानं लिहायला लागली. माझ्याहून हळू, हे लक्षात ठेवा. एकेक अक्षर शोधायची, दाबायची, वर बघायची. आख्खं सभागृह तिच्या बोटाकडं बघत होतं. बाहेर चहावाला येऊन उभा राहिला, तोही बघायला लागला, चहा गार झाला. मग अक्कानं विचारलं, "आता दाबू?" भाग्यश्री म्हणाली, "दाबा."

भिंतीवरची सहा पानं तशीच राहिली. मोडकी माझी, अख्खी तुझी. मोडकी माझी, अख्खी तुझी. सातव्या पानावर, बोरूटीच्या पट्टीवर, नवी ओळ आली.

'ह्या वेळी अख्खी मला.'

कुणालाच काही कळलं नाही.

"हे नक्की चाललंय काय?" मॅडमनी विचारलं.

"मलाही माहीत नाही, मॅडम," भाग्यश्री म्हणाली. "पण बघा ना, सहा पानांवर एक, सातव्यावर दुसरं, आणि डबी तीच आहे. फोटो तोच, जागा तीच, काही मोडलं नाही."

ती जाडजूड बाई पडद्याजवळ गेली. एकेक पान निरखून बघितलं. "म्हणजे आम्ही आमचं लिहू शकतो? आणि ती काही लिहिते ते आमच्यात यायचं नाही?"

"तुमचं लिहिलंत की नाही यायचं."

"मग अडतंय कुठं? मला तर आधी ते अख्खी-मोडकी काढून दे बाई."

त्या गडबडीत मी आणि अक्का तेवढ्या बसून होतो, दोन टोकांना. आमच्या दोघींनाच माहीत होतं. आई सकाळी कामाला जाताना आमच्यासाठी टोपलीत दोन कडक भाकऱ्या ठेवून जायची. टोपलीचं बूड खिळखिळं, त्यामुळं एक भाकरी रोज मोडलेली असायची. अक्का नऊ वर्षांची, मी सहा. ती टोपलीत हात घालायची आणि म्हणायची, मोडकी माझी, अख्खी तुझी. तिचं लग्न होऊन ती बोरूटीला जाईपर्यंत मला मोडक्या भाकरीची चव माहीत नव्हती. आणि त्याच बाईच्या भाकऱ्यांचा चुरा मी केला होता. हो, तिच्याही होत्या त्यात, खालच्या थरात. मघाशी म्हणलं नाही मी ते.

अक्का उठून माझ्याजवळ आली. पिशवीतनं पितळेची ताटली काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. ती ताटली बैठकीला कशाला आणली होती, हे तिनं आजवर सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"माप घे," म्हणाली. "हात अजून तसाच असेल."

"तोंडही," मी म्हणलं.

"ते सगळ्या पानांवर वाचलं."

मग मॅडमकडं गेली आणि डबीच्या कागदावर सही केली. तिची सही म्हणजे 'गुरुबाई' एवढंच, पण तिला भाकरी भाजण्याइतका वेळ लागतो. कंपनीचा कागद मॅडमनी परत पिशवीत घातला. भाग्यश्री भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायला लागली. मी विचारलं, "आता काय झालं?" म्हणाली, "मला काही कळंना गं." मी म्हणलं, "मग तुला आता कळलं, मला रोज कसं वाटतं ते."

बाकीच्यांनी आपापल्या पट्ट्यांवर काय काय लिहिलं. बोरूटीच्या पानावर मात्र अक्काचीच ओळ आहे, आजही. जाऊन बघा. गिऱ्हाइकं विचारतात, अख्खी मला म्हणजे काय, तर अक्का सांगते, माझ्या बहिणीला विचारा. दर आठवड्याला मला चार फोन येतात. आणि माझ्या भाकऱ्या आता मापात असतात म्हणता? नसतात. पण अक्का बोटभर मोठा डबा घेऊन येते.

तर हे असं झालं. भाकरी पत्र्यावर गेली ते खरं, वकील खरा, पिझ्झाही खरा. आता तुम्ही चपला घालताय म्हणून एक सांगते, तव्यावर हात ठेवलाय तर निभवायलाच हवं. मांजर नव्हतं. आमच्या घरात मांजर कधी नव्हतंच, भाग्यश्रीला त्याच्या केसांनी शिंका येतात.